स्तनाचा कर्करोग आणि चुंबकीय तपासणी

मॅमोग्राफी निर्दोष आली की घरची मंडळी सुटकेचा निःश्वास सोडतात. परंतु क्ष-किरणांच्या त्या चित्रात कर्करोगाची गाठ पांढरी उमटते, आणि दाट स्तनातील ग्रंथीही पांढऱ्याच. पिठात मीठ शोधण्याचा प्रकार!

एम. आर. आय. मध्ये क्ष-किरण नसतात. स्त्रीला बलवान चुंबकाच्या पोकळीत पालथे निजवितात व शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देतात. कर्करोगाची गाठ आपल्या पोषणासाठी नव्या रक्तवाहिन्या उभारते. त्या कच्च्या व झिरपणाऱ्या असल्याने औषध तेथे चटकन भरते आणि गाठ उजळते.

हॉलंडमध्ये मॅमोग्राफी निर्दोष आलेल्या, अतिदाट स्तनांच्या स्त्रियांची अशी पाहणी झाली. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. दोन मॅमोग्राफींच्या मधल्या काळात उद्भवणारे कर्करोग एरवी हजारी ५, एम. आर. आय. साठी बोलाविलेल्या गटात ते २.५ भरले. मात्र पहिल्या फेरीत तपासलेल्यांपैकी हजारी सुमारे ८० जणींना रोग नसताही पुढील तपासण्यांची धास्ती सोसावी लागली. तेव्हा सरसकट सर्वांनी धावण्याची ही गोष्ट नव्हे.

आई-बहिणीला हा रोग झाला असेल, तर आपल्याला ही तपासणी हवी का, हे तज्ज्ञांना अवश्य विचारावे. पेसमेकर बसविला असेल किंवा मूत्रपिंडे दुर्बळ असतील, तर ते आधीच सांगावे.