उतारा, पर्याय आणि पुरावा

आकलनाच्या प्रश्नाखाली काही उत्तरे देऊन त्यांतील एक निवडावयास सांगण्याची पद्धत शंभर वर्षांहून अधिक जुनी आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने १९१५ च्या सुमारास मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. एकाच उत्तराला निरनिराळे शिक्षक निरनिराळे गुण देत. हा दोष त्याला दूर करावयाचा होता. म्हणून प्रत्येक उत्तर एक तर पूर्ण बरोबर, नाही तर पूर्ण चूक असावे, असा दंडक त्याने घातला. परीक्षार्थींची फसगत बहुधा या दंडकाचा विसर पडल्यामुळे होते.

एक लहानसा उतारा पाहू :

“भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. कारखान्यास लागणारे लोहखनिज दल्ली-राजहरा येथून, तर चुनखडी नंदिनी येथून येत असे.”

यावरून कोणते विधान निश्चितपणे करता येते?

(अ) कारखाना सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारला गेला.
(आ) खनिज मिळत असल्यामुळेच भिलाईची निवड झाली.
(इ) सर्व कच्चा माल या दोनच ठिकाणांहून येत असे.
(ई) लोहखनिज व चुनखडी वेगवेगळ्या ठिकाणांहून येत.

भिलाईच्या हुडको वसाहतीत वाढलेला विद्यार्थी चटकन (अ) वर खूण करण्याचा संभव आहे. ते विधान खरे आहे आणि त्याने ते घरीदारी ऐकलेले असते. परंतु उताऱ्यात ते नाही. (आ) मध्ये उताऱ्यात नसलेले कारण घातले आहे. (इ) मधील ‘सर्व’ या शब्दाने विधान वाजवीपेक्षा व्यापक केले आहे. (ई) अगदी साधे वाटते, पण उताऱ्याचा आधार केवळ त्यालाच आहे.

यावरून कामाचा क्रम ठरविता येतो. प्रथम प्रश्न वाचावा, मग उतारा सलग वाचावा. पर्याय पाहण्यापूर्वी उत्तर मनाशी जुळवावे. नंतर प्रत्येक पर्यायासाठी उताऱ्यातील आधाराचे वाक्य शोधावे. ते न सापडल्यास पर्याय खोडावा. ‘सर्व’, ‘केवळ’, ‘नेहमी’ हे शब्द आणि ‘च’ हे अव्यय दिसताच थांबावे. दोन पर्याय उरले, तर कमी दावा करणारा अधिक बारकाईने तपासावा.

चुकीच्या उत्तराला गुण वजा होत असल्यास थोडा हिशेब करणे हिताचे. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीबद्दल प्रश्नाच्या गुणांचा एकतृतीयांश भाग वजा होतो. चारही पर्याय सारखेच संभाव्य वाटत असता अंदाज केला, तर सरासरीने लाभ शून्य. दोन पर्याय सकारण खोडता आले, तर मात्र अंदाज सरासरीने फायद्याचा ठरतो. या परीक्षेची दुसरी प्रश्नपत्रिका २०१५ पासून केवळ पात्रतेपुरती आहे. तीत ३३ टक्के गुण न मिळाल्यास पहिल्या प्रश्नपत्रिकेतील उत्तम यशही व्यर्थ जाते.

स्वतःची माहिती विसरण्याची गरज नाही. उतारा वाचताना ती बाजूला ठेवता आली पाहिजे. लेखकाने जे म्हटले नाही ते त्याच्या तोंडी न घालणे, एवढीच या परीक्षेची अपेक्षा असते.