श्रमिकांचें घर

मुंबई शहर कोणीं वाढविलें, असा प्रश्न केला असतां विद्यार्थी बहुधा गव्हर्नरांचीं व धनिकांचीं नांवें सांगतात. परंतु गिरण्यांचे साचे ज्यांनीं चालविले, ते कोंकणांतून व घाटावरून आलेले कामकरी राहत कोठें, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

1896 सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली. उजेड व वारा नसलेल्या दाट वस्तींत तिनें फार बळी घेतले. म्हणून 1898 मध्यें सरकारनें शहरसुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला. पुढें 1920 सालीं, सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असतां, विकासखातें निघालें. कामकऱ्यांसाठीं 50,000 खोल्या बांधाव्या, असा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, शिवडी व डिलाईल रोड येथें मिळून 207 चाळी झाल्या. त्यांत खोल्या सुमारें साडेसोळा हजार. ह्याच बी. डी. डी. चाळी होत.

प्रत्येक खोली सुमारें 160 चौरस फुटांची. विद्यार्थ्यांनीं पडवींत खडूनें 16 फूट लांब व 10 फूट रुंद चौकट आंखावी, आणि तींत सहा माणसें, चूल, पाण्याचें पिंप व अंथरुणें कशीं मावतील तें पाहावें. एवढी अडचण सोसावयास लोक तयार होते; तरीहि आरंभीं कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. भाडें मजुरीच्या मानानें जड होतें आणि बाजारहाटाची सोय नव्हती. यावरून स्पष्ट होतें कीं, नुसत्या चार भिंती म्हणजे घर नव्हे. भाडें मिळकतीस झेपावें, काम जवळ असावें आणि पाणी व बाजार हाताशीं असावा, तेव्हांच तें घर होय.

मग अशीं घरें आपोआप कां उभीं राहत नाहींत? याचें कारण जमीन. मुंबईस तिन्ही बाजूंनीं समुद्र. तेव्हां जागा थोडी व मागणी फार. बांधणारा अधिक पैसे देणाराकडेच पाहतो. 1982 च्या मोठ्या संपानंतर बहुतेक गिरण्या हळूहळू बंद पडल्या, व त्यांच्या जमिनी तेवढ्या उरल्या. 1991 च्या नियमानें अशा जमिनीचे स्थूलमानानें तीन वांटे ठरले: एक लोकांच्या मोकळ्या जागेस, एक सार्वजनिक घरांस व एक मालकास. 2001 सालीं नियम पालटला, आणि हे वांटे केवळ रिकाम्या भागापुरते उरले. इमारतींखालची जमीन वगळली गेली. एका वाक्याच्या फेरानें हजारों कुटुंबांच्या वांट्याची जागा आटली.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. वरळीच्या त्याच चाळींतील पहिल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्यें 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एका शतकानें का होईना, चौकट तिपटीहून मोठी झाली.

आतां विद्यार्थ्यांनीं एक करावें. आपल्या गल्लींतील झाडूवाला, परिचारिका व पहारेकरी रोज किती दुरून येतात, हें त्यांस आदरानें विचारावें. जो शहर चालवितो त्याला त्या शहरांत राहतां यावें, ही दया नव्हे, हा न्याय आहे, असें आम्ही मानतों.