कोलकात्यातला पाद्रीबुवांचा बंगला

प्रश्न : इंग्रजी कादंबऱ्यांत खेड्यातल्या पाद्रीबुवांचं टुमदार घर हमखास भेटतं. इंग्रज कोलकात्यात इतकी वर्षं राहिले, तर तिथे तसं घर बघायला मिळेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : चेहरा मिळेल, पण त्यामागचा संसार मिळणार नाही. इंग्लंडमधलं ते घर निम्मं शेतकऱ्याचं असे. आपल्याकडे देवळाला इनाम जमीन असते, तशी तिथल्या पाद्र्याला चर्चची जमीन असे. वर गावच्या पिकाचा दहावा हिस्सा मिळे. १८३६च्या कायद्याने त्या हिश्श्याची रोख रक्कम ठरवली जाऊ लागली. दर्शनी बाजूला मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, आणि शेतीचं पीक येई म्हणून मागे धान्याचं कोठार, तबेला, परसबाग. कादंबरीकार जेन ऑस्टिन १७७५ साली स्टीव्हन्टनच्या अशाच घरात जन्मली. तिचे वडील पाद्री होतेच, शेतीही करत.

कोलकात्यातला पाद्री मात्र ईस्ट इंडिया कंपनीचा पगारी नोकर. धान्यच येणार नाही, तर कोठार हवं कशाला?

घराची घडणही हवेने बदलली. दर्शनी भाग तसाच सममित ठेवला, पण खांब विटांचे, वरून चुन्याचा गिलावा. पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. दगड इथे इतका दुर्मीळ की जुन्या गौड शहराच्या पडक्या इमारतींचा दगड आणून बांधलेल्या सेंट जॉन चर्चला (१७८७) लोक ‘पाथुरे गिर्जा’ (दगडी चर्च) म्हणू लागले. छत उतरतं नव्हे, कडीपाटाचं आणि सपाट. खाली ओल, म्हणून राहायचं वरच्या मजल्यावर. खिडक्यांना लाकडी पट्ट्यांच्या झडपा, ऊन अडवून वारा आत घेणाऱ्या. शिवाय दक्षिणेला खोल व्हरांडा, कारण उन्हाळ्यात समुद्रावरचा वारा तिकडून येतो. बंगाली माणूस आजही घर घेताना आधी दक्षिण मोकळी आहे का, हे विचारतो. मला तर हा व्हरांडाच त्या घरांचा सर्वांत शहाणा भाग वाटतो.

खेड्यातल्या पाद्र्याची वृत्ती पाहायची असेल, तर कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरचा मिशनरी विल्यम कॅरी आठवावा. तो बाप्टिस्ट, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचा, त्यामुळे चर्चची जमीन किंवा पिकाचा हिस्सा त्याच्या वाट्याला येण्याचा प्रश्नच नव्हता. फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठीही शिकवी. त्याचं मराठी व्याकरण १८०५चं, मोडी लिपीत छापलेला कोश १८१०चा. पण ती वृत्ती दिसते त्याच्या बागेत: श्रीरामपुरात त्याने मोठी बाग उभी केली होती. इंग्लंडहून बियाणं आलं की रिकाम्या पिशवीतली मातीसुद्धा तो सावलीत झटकून ठेवी. अशाच मातीतून एकदा डेझीचं रोपटं उगवलं, तेव्हा त्याला झालेला आनंद त्याने पत्रात लिहून कळवला आहे.

कोलकात्यात गेलात तर चौरंगी रस्त्यावर, सेंट पॉल कॅथीड्रलसमोर, बिशपचं निवासस्थान बाहेरून पाहा. मग हावड्याहून लोकलने श्रीरामपूर गाठा. कॅरीने सहकाऱ्यांसोबत १८१८ साली काढलेलं कॉलेज तिथे हुगळीच्या काठावर आजही चालू आहे.