चला, इंग्रजी शिकूया : 'मस्टर' फक्त हजेरीचं नसतं



मागच्या बैठकीत एका काकींनी विचारलं, "ताई, मस्टर हा शब्द इंग्रजी ना? मग त्याचा अर्थ काय गो?" मला पटकन सांगता आलं नाही. घरी येऊन शब्दकोश उघडला. आजचा पाठ त्यातूनच आला.

आपल्याकडे मस्टर म्हणजे हजेरीपट. महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला. अशा कामांवर गेलेल्या बायकांना हा शब्द शिकवावा लागत नाही. मस्टरवर नाव नाही, तर मजुरी नाही! पण इंग्रजीत मस्टर हे क्रियापदही आहे. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'दाखवणे'. पूर्वी सैनिकांना एकत्र उभं करून तपासत, मोजत. त्यावरून अर्थ झाला 'गोळा करणे'. काय काय गोळा करता येतं बघा.

1) माणसं : "वी मस्टर्ड फिफ्टी विमेन." आम्ही पन्नास जणी जमवल्या.
ग्रामसभेच्या गणपूर्तीला गावातले 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांत जो आकडा कमी असेल तेवढे हजर लागतात. 2011 च्या जनगणनेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 1100 हून जास्त स्त्रिया होत्या. पुरुष मुंबईला, गाव आपल्या खांद्यावर. मग सभेत आपण मागच्या सतरंजीवर का?

2) पाठिंबा : "शी मस्टर्ड सपोर्ट फॉर द वेल." तिने विहिरीसाठी पाठिंबा मिळवला.
ग्रामसभेआधी महिलासभा घ्यायची असते, ती याचसाठी. वाडीतली विहीर एप्रिलमध्ये आटते हे हंडा वाहणारीलाच आधी कळतं. तो विषय महिलासभेत ठरवून, लिहून घ्या. मग ग्रामसभेत बोलणारी एकटी पडत नाही.

3) हिंमत : "आय मस्टर्ड द करेज टू स्पीक." मी बोलायची हिंमत केली.

लक्षात ठेवा : काजूच्या बिया किंवा लाकडं गोळा केली, तर मस्टर म्हणत नाहीत, तिथे 'कलेक्ट' म्हणा. मस्टरमध्ये प्रयत्न असतो, सहज न जमणारं जमवणं असतं. आणि 'मस्टर्ड' ऐकून मोहरी आठवली तर हसू नका. मोहरीलाही इंग्रजीत मस्टर्डच म्हणतात! उच्चार सारखा, स्पेलिंग वेगळं. मोहरीच्या शेवटी 'ए-आर-डी', आपल्या क्रियापदाच्या शेवटी 'ई-आर-ई-डी'.

आपण म्हणतो, 'उसनं अवसान आणलं'. उसनं घेतलेलं परत करावं लागतं, हे गटातल्या बाईला कोणी सांगायला नको. मस्टर केलेली हिंमत मात्र आपलीच असते. थोडी थोडी, इकडेतिकडे पडलेली. गटाच्या बचतीसारखी ती एका जागी आणायची, एवढंच.

गृहपाठ : वरची तीन वाक्यं मोठ्याने म्हणा, शाळेत जाणाऱ्या मुलीकडून तपासून घ्या. आणि पुढच्या ग्रामसभेत उभं राहून एक तरी प्रश्न विचारा, मराठीतच. विचारलात की पुढच्या बैठकीत मला सांगा. त्याचं मस्टर मी ठेवणार आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक