टर्की आणि गावरान कोंबडी एका अंगणात नको



नाताळच्या बाजारासाठी टर्की पाळायची असेल, तर हिशेब उलटा मांडा. पक्षी विक्रीला यायला साधारण २४ आठवडे लागतात. म्हणजे पिल्लं जुलैच्या सुरुवातीलाच आणावी लागतात, नेमकी भर पावसात! म्हणून दोन गोष्टी आधीच नीट समजून घ्या.

*१) पहिले १५ दिवस: खायला शिकवा*
कोंबडीचं पिल्लू आपोआप दाणा टिपतं. टर्कीचं पिल्लू मात्र समोर खाद्य असूनही उपाशी मरू शकतं. त्यासाठी:
✅ आल्या आल्या प्रत्येकाची चोच पाण्यात हळूच बुडवा.
✅ पाण्याच्या भांड्यात रंगीत गोट्या टाका, खाद्यावर बारीक चिरलेला पाला टाका. रंग पाहून पिल्लं चोच मारतात.
✅ १० पिल्लांमागे रोज १ उकडलेलं अंडं कुस्करून द्या.
✅ पहिल्या आठवड्यात ऊब ३५ अंश ठेवा, पुढे दर आठवड्याला ३ अंशांनी कमी करा.
✅ सुरुवातीच्या खाद्यात २८ टक्के प्रथिनं हवीत. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य पुरत नाही.

*२) कोंबड्यांपासून लांब ठेवा*
आपल्या गावरान कोंबडीच्या पोटातल्या बारीक जंतांमधून ‘ब्लॅकहेड’ रोग पसरतो. कोंबडीला सहसा काही होत नाही, टर्की मात्र पटापट मरते. या जंतांची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पावसात गांडुळं वर येतात, त्यांच्या अंगातही हे जंत असतात. टर्कीने गांडूळ टिपलं की रोग आत गेला.
❌ कोंबड्या फिरलेल्या जागेत टर्की सोडू नका.
❌ कोंबड्यांकडून आलेल्या चपला, भांडी, तूस टर्कीकडे नेऊ नका.
✅ आधी टर्कीचं काम करा, मग कोंबड्यांचं.
✅ पावसाळ्यात टर्की कोबा केलेल्या किंवा उंच जाळीच्या शेडमध्येच ठेवा.
✅ जंतनाशक डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर द्या.

पक्षी पंख पाडून गप्प बसला, गंधकासारखी पिवळी विष्ठा टाकू लागला, तर त्याच दिवशी वेगळा करा आणि पशुवैद्यकांना दाखवा. डोकं काळं पडायची वाट बघू नका, ते दरवेळी पडतंच असं नाही. या रोगावर लस नाही.

राणीखेतवर मात्र लस आहे. ती पुण्यातच, औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा.

अंगणात कोंबड्या मोकळ्या असतील आणि वेगळी जागा नसेल, तर यंदा टर्की आणू नका. जागा असेल, तर आधी गिऱ्हाईक ठरवा, मगच पिल्लं आणा.

– कृषी सल्ला विभाग, पुणे