रेड्याचा धंदा : नफा नेमका कोठे गळतो?

म्हशीच्या मांसाचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या बांधवांचे सारे लक्ष बाजारभावाकडे असते. आमच्या मते नफा-तोटा ठरतो तो पारडाच्या पहिल्या महिन्यात आणि कत्तलीपूर्वीच्या शेवटच्या दोन दिवसांत. मधला काळ त्यामानाने सोपा.

2015 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन महाराष्ट्रात गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून येथील मोठ्या जनावरांचा व्यवसाय म्हैसवर्गावरच उभा आहे. तरीही तबेल्यात नर पारडाला कोणी विचारीत नाही. म्हशीने पान्हा सोडेपर्यंत त्याला आचळाला लावायचे आणि लगेच ओढून बांधायचे, ही रीत. अशी उपाशी पारडे जुलाबाने मरतात आणि दोन वर्षांनी जो माल तयार व्हायचा तो उकिरड्यावर जातो.

पारडाला रोगाशी लढण्याची शक्ती आईच्या पोटात मिळत नाही, ती चिकातून मिळते. जन्मल्यावर दोन तासांत पहिला चीक पाजावा व पहिल्या दिवसात एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका द्यावा. म्हणजे 30 किलोच्या पारडाला 3 लिटर. दिवस उलटल्यावर पाजलेला चीक पोट भरतो, पण ही शक्ती देत नाही.

दुसरा शत्रू जंत. पारडाच्या आतड्यातील मोठा गोल जंत आईच्या दुधातूनच पोटात येतो, त्यामुळे गोठा कितीही स्वच्छ ठेवला तरी तो टळत नाही. दुर्गंधीयुक्त मातकट हगवण, राठ केस व सुटलेले पोट ही त्याची खूण. ही खूण दिसण्याची वाट न पाहता दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांच्या सल्ल्याने पायपराझिनसारखे औषध पाजावे. एका मेलेल्या पारडाच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नव्हे.

पुढे घटसर्पाची लस मृगाच्या पावसापूर्वी टोचून घ्यावी. या रोगात गळा सुजून जनावर एक-दोन दिवसांत जाते, आणि म्हैसवर्गाला तो गाई-बैलांपेक्षा अधिक मारक आहे. लाळ्या-खुरकूताची लस दर सहा महिन्यांनी टोचावी.

आता शेवटचे दोन दिवस. येथे आपलेच व्यापारी हातचे घालवतात. मारझोड, शेपूट पिरगाळणे, दाटीवाटीने भरलेला ट्रक आणि वाटेत पाणी नाही. म्हशीच्या अंगाला घाम कमी येतो, कातडी काळी, त्यामुळे उन्हात उभ्या ट्रकमध्ये ती लवकर हैराण होते. अशा वेळी स्नायूंत साठलेली साखर खर्ची पडते. कत्तलीनंतर याच साखरेपासून मांसात आम्ल तयार होते व त्याचा सामू 5.5 च्या आसपास उतरतो. साखरच उरली नाही तर सामू चढा राहतो, मांस काळपट, चिकट दिसते व लवकर खराब होते. गिऱ्हाईक त्याला शिळे समजते. ते शिळे नसते, जनावर थकलेले असते.

निर्यातीत तर हा प्रश्न केवळ रंगाचा नाही. लाळ्या-खुरकूत असलेल्या देशातील मांसासाठी जागतिक पशुआरोग्य संघटनेचा दंडक असा, की धड 2 अंशांवरील तापमानात किमान 24 तास ठेवावे आणि हाडे काढण्यापूर्वी पाठीच्या स्नायूचा सामू 6 च्या खाली भरावा. हे आम्ल स्नायूतील विषाणू मारते. दमलेल्या रेड्याचे मांस या कसोटीला उतरत नाही.

म्हणून रात्रीचा प्रवास करावा. 2015 च्या मोटार वाहन नियमांनुसार ट्रकमध्ये मोठ्या जनावरामागे दोन चौरस मीटर जागा हवी. डॉक्टरांचा प्रवासयोग्यतेचा दाखला व खरेदीची पावती ड्रायव्हरजवळ असावी. म्हैस व पारडाच्या कत्तलीसाठी येथे वेगळा दाखलाही लागतो. कत्तलखान्याच्या 2001 च्या नियमांत 24 तास विश्रांती सांगितली आहे, तीही घाई करून मोडू नये. उतरवताच पाणी पाजावे आणि भांडलेले रेडे वेगवेगळे बांधावेत.