लोहाराच्या भट्टीच्या पंख्याची निगा

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत नांगरणी आता बहुतांशी ट्रॅक्टरने होत असली, तरी खुरपी, विळे, कोयते, कुदळी व कुळवाची फास यांना धार काढून पाणी देण्याचे काम अद्याप लोहाराच्या भट्टीवरच होते. कातड्याच्या भात्याच्या जागी अनेक भट्ट्यांवर विजेचा अथवा हाताने फिरवावयाचा पंखा आला आहे.

हत्याराची धार लवकर गेली, की आपण लोखंडास नावे ठेवतो. वस्तुतः दोष पंख्याचाही असू शकतो. पंख्याच्या पात्यांच्या खोलगट भागात राख व कोळशाची भुकटी साचली, म्हणजे पंखा पूर्वीसारखाच फिरतो, आवाजही करतो. परंतु वारा कमी फेकतो. विस्तव मंद राहिल्यामुळे हत्यार आगीत अधिक वेळ ठेवावे लागते. तेवढ्या वेळात त्यावर पापुद्रा धरतो, पोलादाच्या पृष्ठभागातील कार्बन जळतो आणि धारेचा भाग मऊ पडतो. कोळसा जास्त लागतो तो वेगळाच.

सबब मृगापूर्वी, वैशाखातच पंखा उघडून साफ करावा. विजेचा पंखा असल्यास प्रथम प्लग काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. पाती कोरड्या ब्रशाने व लाकडी काडीने खरवडावीत. पाणी मारू नये, ते मोटारीत शिरते. सर्व पाती सारखीच साफ झाली पाहिजेत. एका बाजूस मळ राहिला, तर पंखा हादरतो व बेअरिंग झिजते. वारा आत घेणाऱ्या तोंडावर तारेची जाळी बसवावी. अर्थिंगची तार तुटलेली नाही, हेही पाहावे. हातपंख्याच्या दात्यांना पातळ तेल द्यावे. नळीच्या तोंडाशी राख वितळून धरलेले खडे तर रोजच काढावे लागतात.

एका धोक्याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. भट्टीत ओला दगडी कोळसा घालून पंखा बंद केला, तर धुमसणाऱ्या कोळशाचा ज्वालाग्राही वायू नळीतून मागे पंख्यात शिरतो. पंखा पुन्हा सुरू करताच त्याचा भडका उडतो. म्हणून काम थांबविताना नळी पंख्यापासून सुटी करावी, किंवा खालचे राखेचे दार उघडे ठेवावे. बंद खोलीत धुमसत्या भट्टीजवळ निजणे तर जिवावर बेतणारे आहे.

डिंभे, भीमाशंकर व नाणेघाट या पश्चिमेकडील पट्ट्यात पावसाळी दमटपणा फार. तेथे पंख्याचे पत्र्याचे घर गंजते. पाऊस सुरू होण्याआधी त्यास आतून-बाहेरून तेलाचा बोळा फिरवावा व रात्री वरून पोते घालावे. जेथे अद्याप कातड्याचा भाता आहे, तेथे त्याच्या घड्यांस तेल चोळावे, छिद्रे शिवून घ्यावीत आणि झडप नीट मिटते की नाही ते हात लावून पाहावे. उंदीर कातडे कुरतडतात. भाता टांगून ठेवलेला बरा.